थेंबाच्या आकाराचं भोक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्या वकीलबाईंनी माझी बाजू मांडली त्यांना तर नाहीच नाही. मित्रांना सांगावं म्हटलं—तर त्यातले निम्मे आजही मीच बनवलेला चिमटा गाडीच्या दाराला लावून पक्ष्यांचे फोटो काढतात. त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. समोर बसला असतात तर मी बहुतेक विषय बदलला असता. विषय बदलण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

"मीच बनवलेला"—लिहून गेलो बघा. हाताला वळणच पडलंय तसं. खोडत नाही, राहू दे.

मी मूळचा परभणीकडचा. हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा जांब्याला खोली घेतली आणि आठवडाभर स्क्रीनकडे बघून डोळे विटले की रविवारी कॅमेरा घेऊन माण, घोटावडे करत पौडला, तिथून मुळशी धरणाच्या पाण्याकडे जायचो. पक्षी टिपायचा नाद. मोठी लेन्स हातात धरून हलते, म्हणून खाली ट्रायपॉड लागतो. तर एका रविवारी माले गावाजवळ माझ्या ट्रायपॉडचा एक पाय मोडला. रस्त्याकडेला पत्र्याची शेड, बाहेर जांभळाचं झाड, आत वेल्डिंगच्या ठिणग्या. तिथं नथूअण्णा भेटले.

नथूअण्णा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. घरची थोडी भातशेती, आणि शेडमध्ये गेट, ग्रिल, जिने बनवायचं काम. त्यांनी माझा मोडका पाय हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "तीन पाय कशाला वं ह्येला? बांदावर तीन पाय टेकाया जागा कुटं हाय? हितं म्हशीचे चार रुतत्यात."

मला हसू आलं. पण माणूस गंमत करत नव्हता. पाय जोडून देईपर्यंत त्यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं—गाडीच्या दाराला आवळता येईल, होडीच्या काठाला, कुंपणाच्या खांबाला, फांदीला. पुढच्या रविवारी गेलो तर वस्तू तयार! उरलेल्या अँगलचे तुकडे, लोखंड आवळून धरायच्या जुन्या शेगड्याचा स्क्रू, आतून ट्यूबचं रबर. गाडीची काच अर्धी खाली करून दाराला आवळला, वर कॅमेरा बसवला, आणि लेन्स अशी निश्चल उभी राहिली की मी बोट लावून पुन्हा पुन्हा पाहिलं. अण्णांनी त्याला नाव दिलं घोरपड. सुटायची नाही म्हणून.

त्यानंतर दोन वर्षं माझा प्रत्येक रविवार त्या शेडमध्ये सुरू झाला. मी चिकित्सा करायचो, अण्णा बदल करायचे. वरची पट्टी वाकडी केली तर कॅमेरा तिरपा धरता येतो, हे त्यांना सुचलं. स्क्रूची मूठ हातमोजा घातला तरी फिरवता यावी, म्हणून तिला तीन खाचा—त्याही त्यांच्याच. मला काय सुचलं? प्रामाणिकपणे आठवून पाहतो... रबर काळ्याऐवजी करडं असावं, हे मी सांगितलं होतं. एवढंच. माझ्या ओळखीचे पक्षीवाले, पौडचे दोघे लग्नाचं शूटिंग करणारे, असे घेणारे वाढत गेले. अण्णा गेटांच्या कामातून सवड काढून चार-चार, पाच-पाच घोरपडी करायचे.

आता त्या भोकाबद्दल सांगायला हवं. सगळं त्याच्यापाशीच येतं.

घोरपड तयार झाली की तिला आधी लाल, मग काळा रंग. ओली वस्तू ठेवायची कुठं? शेडच्या खांबापासून जांभळापर्यंत अण्णांनी तार ताणली होती, तिच्यावर टांगायची. आधी स्क्रूकडून टांगायचे, तर रंग आट्यांत उतरायचा आणि स्क्रू बसायचा अडकून. मग त्यांनी मागच्या पट्टीला गोल भोक पाडलं. तर धरणाकडचा वारा आला की सगळ्या घोरपडी तारेवर घसरून एकमेकींना चिकटायच्या! हिरावहिनी—अण्णांच्या बायको, रंगाचं काम त्यांच्याकडे—वैतागून म्हणाल्या, "भोक वर चिंचोळं करा की. तार अडकून बसंल जागच्या जागी." अण्णांनी कानस घेऊन गोल भोकाचा वरचा भाग निमुळता केला. तार त्या टोकात बसली, आणि घोरपडी शहाण्यासारख्या अंतर ठेवून वाळायला लागल्या. खाली गोल, वर टोक. पाण्याच्या थेंबासारखं दिसायचं ते.

मी स्वतः टांगल्यात त्या तारेवर घोरपडी. बोटांना लागलेला काळा रंग सोमवारी ऑफिसात टेबलाखाली लपवायचो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग मी नोकरी सोडली. ही वस्तू अॅल्युमिनियममध्ये ओतून केली तर हलकी होईल, देशभर विकता येईल, असं मी अण्णांना सांगितलं. "आपण करू," म्हणालो. आपण! अण्णांनी तारेवरची सगळ्यात सुबक घोरपड काढून मापं घ्यायला माझ्या हातात दिली. "न्या की. इचारताय काय त्यात?" मी ती घरी नेली आणि संगणकावर तिचं चित्र काढलं. वाकडी पट्टी, तीन खाचा, थेंबाचं भोक—सगळं मिलिमीटरला मिलिमीटर. भोक का काढलं? अॅल्युमिनियमला ते लागतच नव्हतं, रंग बाहेरच्या कारखान्यात व्हायचा. पण मूळ वस्तूत होतं, म्हणून उतरवलं. नक्कल करणाऱ्या पोरानं शेजारच्याच्या वहीतला शाईचा डागही उतरवावा, तसं.

पिरंगुटला छोटा गाळा घेतला. वस्तू विकली जाऊ लागली. "आपण" हा शब्द कधी गळून पडला, ते सांगता यायचं नाही. भांडण झालं नाही, बोलणं झालं नाही. मी रविवारी जाणं कमी केलं, मग बंद केलं. अण्णा आपल्या जागी लोखंडी घोरपडी करत राहिले. मी अॅल्युमिनियमच्या करतो हे त्यांना ठाऊक होतं, त्याचं त्यांना कौतुकच होतं.

पुढे कुणीतरी सल्ला दिला की डिझाइनची नोंदणी करून घे. पुण्यातल्या एका वकीलबाईंकडे गेलो. हुशार आणि सरळ बाई. त्यांनी दोन प्रश्न विचारले. हे रूप तुम्हीच कल्पलं का? मी हो म्हणालो. याआधी कुणी अशी वस्तू लोकांत आणली, विकली होती का? मी नाही म्हणालो. दोन्ही उत्तरं मिळून किती वेळ लागला असेल? चहा यायच्या आत झालं सगळं. अर्जावर सही करताना मात्र हात कापला—पेनाची रेघ थोडी वाकडी गेली, ती अजून त्या कागदावर आहे.

मग बाईंनी वस्तू हातात घेऊन मला कायदा समजावला. कायद्याला डिझाइनमध्ये काम दिसत नाही, रूप दिसतं. चिमटा आवळतो, हे काम झालं. त्याच्यावर मला असा हक्क सांगता येणार नाही. खाचा पकडीसाठी, तेही कामच. मग त्यांचं बोट त्या भोकावर थांबलं. "आणि हे? हे कशासाठी आहे?"

मी म्हणालो, "नुसतं शोभेसाठी. मुळशीच्या पाण्याकाठी बसलो होतो, पानावरून थेंब पडताना पाहिला, त्यावरून सुचलं."

त्या खूश झाल्या. म्हणाल्या, हेच आपलं बळ. ज्याचा काही उपयोग नाही, तेच खरं तुमचं. आणि मीही खूश झालो—हे सांगताना कानाच्या पाळ्या तापतात. इतकं सुंदर खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. पुढे तो थेंब मी खोक्यावर छापला, पाटीवर रंगवला. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. त्यानं बिळाची नोंदणी केल्याचं तुम्ही ऐकलंय का?

दोनेक वर्षांनी एका मोठ्या दुकानदारानं माझ्यासमोर एक लोखंडी घोरपड ठेवली. असाच माल बाजारात आहे, मग अस्सल कोण? त्यानं सरळ विचारलं. वकीलबाई म्हणाल्या, नक्कल करणाऱ्यांना नोटीस पाठवू, नावं द्या. दिल्लीकडचे दोघे खरोखरच माझा माल उतरवत होते, त्यांची नावं लिहिली. तिसरं नाव मी थोडं थांबून लिहिलं. पत्ता नीट लिहिला—गाव माले, रस्त्यालगत पत्र्याची शेड, जांभळाच्या झाडाशेजारी. पोस्टमन चुकू नये म्हणून.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या या. पण माझ्या बोंबेत आवाज नव्हता. टाइप केलेली होती, इंग्रजीत.

आणि इंग्रजीत होती म्हणूनच पुढचं घडलं. नोटीस मिळाल्यावर नथूअण्णांनी काय केलं असेल? वाचून घ्यायला ते माझ्याकडे आले. त्यांच्या ओळखीत इंग्रजी येणारा, विश्वासाचा माणूस मीच होतो. फटफटीवर माल्याहून जांब्याला, माझ्या घरी. एका पिशवीत नोटीस, दुसरीत घरचा आंबेमोहोर तांदूळ. कागद माझ्या हातात देऊन ते पाणी पीत बसले. पहिल्याच ओळीत माझ्या कंपनीचं नाव होतं. त्यांनी ते कधी ऐकलेलं नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं.

"काय म्हंत्यात?"

मी म्हणालो, एक कंपनी म्हणतेय की हे रूप त्यांचं आहे. तुम्हाला पुण्यात त्यांच्या वकिलाकडे बोलावलंय.

"कुनाची कंपनी?"

"मोठी आहे," मी म्हणालो. सहा माणसांची कंपनी. त्यातला एक मी.

अण्णांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग त्यांना हायसं वाटल्यासारखं झालं. "मंग त्यांना ठावं नसंल. तुमी या संगं, इंजिनेर. तुमी सांगितल्यावर ऐकतील." मी बघतो म्हणालो. त्या संध्याकाळी बायकोनं तो आंबेमोहोर शिजवला. घरभर वास सुटला. मी दोनदा भात घेतला.

वकीलबाईंच्या ऑफिसात मी आधीच जाऊन बसलो होतो. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून, पिशवीत आपली एक घोरपड घेऊन आले. मला पाहिलं आणि चेहरा उजळला माणसाचा! "बरं झालं आलात. म्या म्हनलं सवड भेटती का न्हाई." आणि टेबलाच्या माझ्या बाजूला खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. मी त्यांच्यासाठी आलोय, असं समजून.

बाई म्हणाल्या, तुम्ही समोर बसा. ते समोर जाऊन बसले, पण त्यांना अजून उलगडा झाला नव्हता. बाईंनी मराठीत, शांतपणे समजावलं. मग अण्णांनी पिशवीतून काढून ठेवलेली घोरपड उचलून विचारलं, बाकीचं एक वेळ सोडा, पण हे थेंबाचं भोक तुम्ही कुठून घेतलंत?

अण्णा हसले. "घेतलं कुटून? टांगाया पाडलंय त्ये. रंग दिला का तारेला टांगतो आमी. वाऱ्यानं घसरू नये म्हून वर निमुळतं केलंय, बायकूनं सांगितलं माज्या. ह्ये इंजिनेर सोता टांगायचे की. सांगा की वं यास्नी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं ना, सरळ बाई होत्या—मी मान नुसती डोलावली असती, तरी त्यांनी तिथंच फाइल मिटली असती. नोंदणी गेली असती, वर दोन शब्द मला ऐकवले असते, बस. अण्णाही माझ्याकडेच बघत होते. घाई नव्हती त्यांना. साक्षीदार घरचा होता.

मी म्हणालो, "असं काही मला माहीत नाही."

हेच ते. इतकी पानं मी ज्याच्याभोवती फिरतोय ते हे पाच शब्द. बाकीच्याला तुम्ही लबाडी म्हणा, धंदा म्हणा, काहीही म्हणा. पण त्या खोलीत एक माणूस माझ्यावर भार टाकून उभा होता, आणि मी बाजूला झालो.

अण्णा चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं पडलं असतं. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. चांगल्या धडधाकट माणसाला अचानक झटका यावा आणि आपण त्याच्याकडे काळजीनं बघावं, तसं. मग नजर खाली गेली. "बरं," एवढंच म्हणाले. यापुढे ही वस्तू बनवणार नाही, विकणार नाही, हे रूप आपलं नाही, असं हमीपत्र होतं. त्यांनी एकेक अक्षर कोरून सही केली. उठताना टेबलावरच्या घोरपडीकडे बोट केलं. "ह्यो नग माजा हाय. न्हेऊ का?"

उत्तर बाईंनी द्यायचं होतं. मी दिलं. "राहू द्या. पुरावा आहे तो."

त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

मी हे का केलं? मला कुणी धमकावलं नव्हतं. घरात आजारपण नव्हतं, उपाशी मरत नव्हतो. खरं उत्तर इतकं किडकं आहे की लिहायला नको वाटतं—लोक "हे तुम्ही बनवलंत?" असं विचारायचे तेव्हा मला फार आवडायचं. बस. एवढ्यासाठी केसानं गळा कापला मी त्या माणसाचा.

माल्यावरून जाताना मी गाडीची काच वर करतो. तरी नजर जातेच. जांभूळ आहे, तार आहे, तारेवर कपडे वाळत असतात. एका ओळखीच्या पक्षीवाल्यानं मागे मला हसत हसत सांगितलं की तो त्या शेडपाशी थांबला होता, म्हाताऱ्याला म्हणाला, एक लोखंडी चिमटा करून द्या, कुणाला कळणार नाही. अण्णांनी नकार दिला. "लिवून दिलंय, माजं न्हाई म्हून." मित्राला तो विनोद वाटला. मीही हसलो त्याच्याबरोबर.

आणि पिरंगुटच्या ज्या कारखान्यात माझ्या मालावर रंग चढतो, तिथं मी पहिल्यांदा गेलो तेव्हाचं तर विसरताच येत नाही. एक पिकल्या मिशांचे मामा आकड्यांवर माझे चिमटे टांगत होते. कशाला? त्याच भोकाला. निमुळतं टोक आकड्यात बसवून, ओळीनं, अंतर ठेवून. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मला पाहून म्हणाले, "सायेब, भोक लई बेस दिलंय टांगाया. ज्येनं दिलं त्याला डोकं हाय."

मी "थँक यू" म्हणालो.

अण्णांची ती घोरपड माझ्या खणात आहे. काळा रंग कुठं कुठं उडालाय, भोकाच्या वरच्या टोकाला तारेनं घासल्याची चकचकीत खूण आहे. कुणीही हातात घेतली तर दोन मिनिटांत कळेल की हे भोक कशाचं आहे. म्हणून खणाला कुलूप असतं.

आता शेवटचं. डिझाइनच्या नोंदणीला मुदत असते, दहा वर्षांची. ती यंदा संपत होती. संपली की ते रूप सगळ्यांचं होतं, कुणीही बनवावं. नथूअण्णांनीसुद्धा. मला काही करायचं नव्हतं—काही कबूल करायचं नव्हतं, पाया पडायचं नव्हतं, माल्याला जायचंही नव्हतं. फक्त वकीलबाईंचा फोन आला तेव्हा "राहू द्या" म्हणायचं होतं. आणखी पाच वर्षं वाढवून मिळतात, त्या म्हणाल्या, वाढवायची का?

हे सगळं मला तेव्हाही आठवत होतं. जसं आज तुम्हाला सांगितलं, तसंच, सगळंच्या सगळं. अण्णा आता साठीच्या पुढे गेलेत, हेही.

मी हो म्हणालो. गेल्या महिन्यात जाऊन अर्जावर सही केली. या वेळी हात कापला नाही.